हातचे सहा

वेस्टरखागच्या पंपघरात
पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी
पडद्यावर पाण्याची पातळी आली:
पासष्ट हजार एकशे सोळा सेंटिमीटर.
म्हणजे साडेसहाशे मीटर उंच पाणी,
आणि खाली कालव्यात बदकं
पंखात चोच खुपसून झोपलेली.

पंपांना हसू येत नाही.
आकडा मोठा दिसला, तिन्ही सुरू झाले.
उजाडेपर्यंत डौवेची घरनौका गाळावर टेकली,
एका कुशीवर कलली,
आणि फडताळातल्या बश्या एकेक करून
त्याच्या पलंगापाशी चौकशीला आल्या.

नवा प्रोग्राम वाराचा.
आपल्या कानाला वारा. तिच्या आयमारा बोलीत
त्याच दोन अक्षरांचा अर्थ तारा.
हे आत्ताच सांगून ठेवते, पुढे लागेल.

ती एल आल्तोची. तिथे समुद्र ही ऐकीव गोष्ट
आणि उंची म्हणजे फक्त वर.
सी भाषेत तिने पातळीसाठी खण निवडला
सोळा बिटांचा, बिनचिन्हाचा.
पाणी शून्याखाली कशाला जाईल?
शून्याखाली असतंच काय?

"गाव," त्यालिंग म्हणाला.
जुना प्रोग्राम त्याचा, पास्कलमधला.
निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी
पंपघराची किल्ली अजून सायकलच्या जुडग्यात.
"अख्खं गाव शून्याखाली आहे, पोरी.
चर्चचा कोंबडा तेवढा वर."

त्याच्या पास्कलने पाठवलं होतं उणे चारशे वीस:
११११ १११० ०१०१ ११००
तारेतून आलं, एक ठिपका न सांडता.
वाटेत काहीच बिघडलं नाही.
वाचणारा बदलला.

डावीकडचा पहिला एक बघ.
त्याच्या घरी तो एक म्हणजे उणे,
तिच्या घरी बत्तीस हजार सातशे अडुसष्ट.
पहिली वेलांटी दिली तर दिन,
दुसरी दिली तर दीन.

मग दोघांनी वहीत रेघा मारल्या,
कॉफी थंड होऊ दिली.
सीचा लाँग: विंडोजकडे बत्तीस, लिनक्सकडे चौसष्ट,
ज्याच्या पंगतीला बसेल त्याच्याइतकी भूक.
जावाच्या दुकानात बिनचिन्हाचं माप मिळत नाही
(अक्षरांचं सोडलं तर),
तिथे शेरभर धान्याला पायली न्यायची.
पायथॉनला कितीही वाढा, ताट आपोआप मोठं होतं,
"असल्यांचा मला भरवसा नाही," त्यालिंग म्हणाला,
आणि त्या ओळीखाली बिस्किटाचा चुरा सांडला.

शेवटी वाराने एकच अक्षर खोडलं, यू.
पडद्यावर उणे चारशे अडतीस आलं.
पंप थांबले.
डौवेने बश्यांचे पैसे मागितले नाहीत.
नौका सरळ होताना पाहायची म्हणून
काठावर खुर्ची टाकून बसला दिवसभर.

रात्री आईचा फोन.
"आहेस किती उंचावर?"
"उणे चार मीटर."
"उणे?" आई जरा थांबली.
"मग मासे डोक्यावरून जातात का गं?"

फोन ठेवल्यावर वाराने
त्याच खणात, आता चिन्ह असलेल्या,
आपल्या घराची उंची टाकून पाहिली:
चार लाख पंधरा हजार सेंटिमीटर.
खण कुरकुरला नाही, नाही म्हणाला नाही.
एकवीस हजार सातशे चौऱ्याऐंशी, त्याने दाखवलं.

दोनशे सतरा मीटर.
आईचा पत्र्याचा दरवाजा, वाळत घातलेले बटाटे,
श्वास पुरत नाही तो जिना,
सगळं एका बुटक्या टेकडीवर.

सहा वेळा काठोकाठ भरून सांडलं होतं,
तळाशी उरलं ते हे.
हातचे सहा
कुणी धरलेच नव्हते.